अकरा सकाळींचं दूध

त्या दोन-अडीच वर्षांत माझ्या अंगाला व्हिनेगरचा वास यायचा. सकाळी धायरीहून शहरात जाणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेली बाई नाकाला ओढणी लावायची आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे. वास माझ्या पीएचडीचा होता. प्रयोगशाळेत मी एक पांढरी पूड धूत असे, आणि ती धुवायला जे मिश्रण वापरायचे त्यात व्हिनेगरमधलंच ॲसिड असायचं, फक्त कितीतरी कडक. केस धुवा, कपडे बदला, तो काही जायचा नाही. आमचं घर मूळचं भंडाऱ्याकडचं. पुण्यात तीस वर्षं काढूनही आईची भाषा तिकडचीच राहिली. ती म्हणायची, "काऊन वं, लोणच्याच्या बरणीत झोपून येतं का तू?"

काम सांगायला सोपं होतं आणि करायला जिवावर यायचं. ओल्या सिमेंटवरून कुत्रं चालत गेलं की त्याच्या पावलांचे ठसे राहतात. आमच्या सोसायटीच्या दारात तसे चार ठसे आहेत. मी तेच करत होते, फक्त फार बारीक प्रमाणावर. दुधात जे औषध शोधायचं, तेच औषध आधी एका द्रवात मिसळायचं. त्याच्याभोवती तो द्रव प्लॅस्टिकसारखा घट्ट होऊ द्यायचा. मग तो गोळा खलात कुटायचा, चाळायचा, आणि आतलं औषध धुऊन धुऊन काढून टाकायचं. मागे उरतात त्या औषधाच्या नेमक्या आकाराच्या रिकाम्या जागा. ही पूड एका छोट्या नळीत भरून तिच्यातून दूध सोडलं, की दुधात ते औषध असलंच तर त्या जागांमध्ये अडकतं आणि बाकी सगळं वाहून जातं. मग अडकलेलं सोडवून घ्यायचं आणि मशीनवर मोजायचं. पुस्तकात याला मॉलिक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमर म्हणतात. लॅबमध्ये आम्ही नुसतं 'ठसा' म्हणायचो.

माझं औषध होतं एन्रोफ्लॉक्सासिन. म्हशीच्या कासेला सूज आली की जनावरांचे डॉक्टर असली अँटिबायोटिक टोचतात. त्यानंतर काही दिवस त्या म्हशीचं दूध विकायचं नसतं. कोणी विकलंच, तर ते औषध थोडं थोडं करून घराघरातल्या पोरांच्या पोटात जातं, आणि पुढे खरोखर आजारी पडल्यावर तीच औषधं लागू पडेनाशी होतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. मी चिडकी आहे, हे आत्ताच सांगून टाकते. लोक आवडीने संशोधनाकडे वळतात, मी रागाने वळले.

वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा धायरीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि वर्षभरातच ते गेले. मग घरात आई आणि मी. सोसायटी बेचाळीस घरांची. तिच्या मागच्या बाजूला जुन्या गावाचा जो तुकडा शिल्लक आहे, तिथे तीन-चार गोठे अजून आहेत. त्यातल्या एका गोठ्याची मालकीण आम्हाला दूध घालायची. पन्नाशी उलटलेली, उंच, नऊवारी नेसणारी नाही, साध्या गोल साडीवर पुरुषी स्वेटर घालणारी. सहा वाजता पायांशी दोन कॅन ठेवून स्कूटरवरून यायची, मापाने दूध घालायची आणि एक शब्द न बोलता पुढच्या दाराला जायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. आईला तिचं दूध आवडायचं, कारण साय भाकरीएवढी जाड यायची.

ठसा तयार झाल्यावर खऱ्या दुधावर वापरून बघायचा होता. मी वेगवेगळ्या पिशव्यांचं दूध आणून लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि घरचं, म्हणजे मावशीचं, रोज सकाळी छोट्या बाटलीत घालून, बर्फाच्या पुड्यांमध्ये ठेवून बसने नेऊ लागले. मशीन सगळ्या विभागाचं मिळून एक होतं. माझी पाळी साडेनऊ ते साडेबारा. कच्चं दूध टिकत नाही, म्हणून सकाळी सगळ्यात आधी मावशीचं दूध नळीतून सोडायचे, आणि त्यानंतर पिशव्यांचं.

पहिल्याच दिवशी मावशीच्या दुधात औषध सापडलं. आलेखावर सरळ सुळका उभा राहिला. पिशव्यांचं दूध मात्र स्वच्छ. दुसऱ्या दिवशी तेच, आणि तिसऱ्याही दिवशी. ठसा नसलेली कोरी पूडही मी सोबत चालवत होते, तुलनेसाठी. तिच्यात मावशीच्या दुधातून काहीच अडकत नव्हतं. म्हणजे माझा ठसा अगदी नेमकं काम करतोय, असा मी अर्थ लावला आणि खूश झाले. अकरा सकाळी मी हे केलं. अकराही वेळा सुळका आला.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजूनही माझे कान तापतात. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: 'सर्वांना नमस्कार. आपल्याकडे सकाळी येणाऱ्या सुट्या दुधात अँटिबायोटिकचे अंश आढळले आहेत. सलग अकरा दिवस शास्त्रीय तपासणी केली आहे. कृपया लहान मुलांना देऊ नये.' खाली आलेखाचा फोटो जोडला. सुळका ठळक दिसावा म्हणून तो लाल रंगात रंगवला होता. पाच मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. 'आपल्या सोसायटीत शास्त्रज्ञ राहतात याचा अभिमान वाटतो' असं तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिहिलं. एरवी हे गृहस्थ लिफ्टमध्ये माझ्याकडे बघतसुद्धा नसत. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

सोमवारी मावशी आली तेव्हा बऱ्याच दारांबाहेर पातेली नव्हती. आमच्या दाराशी ती थांबली. आईने दार उघडलं, पण पातेलं पुढे केलं नाही.

"ताई, काय झालं? वरचे समदे नको म्हनत्यात," मावशी म्हणाली.

आई माझ्याकडे बघू लागली. मी मोबाइल काढून आलेख तिच्यासमोर धरला आणि सांगितलं, "मावशी, तुमच्या दुधात औषध आहे. अकरा वेळा तपासलंय."

तिने मोबाइल हातात घेतला नाही. मान पुढे करून बघितलं. "ह्यो लाल डोंगूर कशाचा हाय?"

"औषधाचा."

"माझ्या दुधात औषध न्हाय."

"मशीन खोटं बोलत नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "मुलं पितात हे दूध. जरा विचार करायचा होतात."

ती आणखी काही बोलेल असं मला वाटलं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण तिने कॅनचं झाकण बसवलं, दोनदा दाबून बघितलं, आणि जिना उतरून गेली. आठवड्याभरात तिची स्कूटर सोसायटीत यायची बंद झाली. आमच्या सोसायटीतून शेजारच्या दोन सोसायट्यांच्या ग्रुपवर माझा निरोप गेला होता, आणि तिकडेही बंद झाली. आईने पिशवी लावली. चहा घेताना ती म्हणाली, "पानचट हाय," आणि कप संपवला. मुलगी शिकलेली आहे, तिला कळतं, एवढाच तिचा हिशोब होता.

मावशीचं दूध येईनासं झालं, त्यामुळे लॅबमध्ये सकाळचा पहिला नमुना आता पिशवीच्या दुधाचा झाला. आणि पहिल्याच दिवशी त्या पिशवीच्या दुधात सुळका उभा राहिला.

मला काय वाटलं असेल? आनंद झाला. आता पिशवीवालेही सापडले, असं वाटलं. ग्रुपवर टाकायला निम्मा निरोप मी टाइपही केला. मग केवळ खात्री म्हणून त्याच पिशवीतलं दूध तासाभराने पुन्हा नळीतून सोडलं. स्वच्छ. सुळका नाही, उंचवटाही नाही. एकाच पिशवीतलं दूध सव्वादहाला औषधी आणि सव्वाअकराला शुद्ध असू शकत नाही. टाइप केलेला निरोप मी पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळीतून पहिल्यांदा दूध सोडलंच नाही. साखर-मीठसुद्धा नसलेलं, लॅबमधलं शुद्ध केलेलं पाणी सोडलं. ना म्हैस, ना गोठा, ना कास. मशीनसमोर स्टुलावर बसून मी पडद्याकडे बघत राहिले आणि ठरलेल्या मिनिटाला ठरलेल्या जागी सुळका वर चढू लागला. मी उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. तो तिथेच होता.

मशीन खरोखरच खोटं बोललं नव्हतं. औषध होतं. ते माझंच होतं. ठसा घडवताना मीच घातलेलं. मी पूड धुतली होती, पण पुरेशी धुतली नव्हती. आत कुठेतरी खोल रुतून बसलेलं औषध, नळ्या ओल्या ठेवल्या की रोज थोडं थोडं बाहेर झिरपायचं आणि सकाळी जो पहिला नमुना येईल त्याच्यासोबत निघून यायचं. त्यानंतरचे नमुने आपोआप स्वच्छ. कोऱ्या पुडीत औषध कधी घातलंच नव्हतं, म्हणून तिच्यातून कधी आलंही नाही, आणि ज्याला मी पुरावा समजले होते तो पुरावा नव्हताच. मावशीचं दूध रोज पहिलं होतं, एवढाच तिचा गुन्हा.

या कामात असं होतं हे मला माहीत नव्हतं, असंही नाही. पहिल्या वर्षाच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: रोज सकाळी आधी पाणी सोडून बघणे. पण पाण्याला चाळीस मिनिटं लागायची. पाळी तीन तासांची. त्या चाळीस मिनिटांत आणखी एक दूध बसायचं, म्हणून मी पाणी सोडायचं बंद केलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं.

घरी आले तेव्हा आई कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं. तिला रसायनशास्त्र कळत नाही, पण धुणं कळतं. काय झालं ते तिला एका वाक्यात समजलं. तिने हात थांबवले नाहीत.

"आमच्या बापानं गाय पाळली होती," ती म्हणाली. "दूध चांगलं द्यायची. पन गावात कोनी घेत नोतं. आमच्या हातचं म्हनून. बाप सायकलीनं तालुक्याले नेऊन हॉटेलात घालायचा. तिथं त्याले कोनी ओयखत नोतं."

हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. आमचं घर आजोबांच्या वेळेपासून बौद्ध आहे, दर वर्षी आम्ही दीक्षेचा दिवस साजरा करतो, जुन्या गोष्टी मी पुस्तकांतून पुष्कळ वाचल्या होत्या आणि त्यावर वर्गात तावातावाने बोललेही होते. गायीची गोष्ट मात्र ठाऊक नव्हती.

"दुधात काई नोतं बापा," आई म्हणाली. "हात आमचा होता, एवढंच. आन् तू तिच्या हाताले नाव ठेवून आली."

मला रडू आलं, आणि रडू येतंय याचा राग आला. रडून मोकळं व्हायचा मला अधिकार नाही असं वाटलं. मी तोंड धुतलं आणि पुढे काय काय करायचं याची यादी काढायला बसले. तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही करायच्याच होत्या, एवढं त्याच वेळी ठरवून टाकलं.

पहिल्यांदा माझ्या मार्गदर्शक मॅडम. त्यांनी आलेख बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे इतके दिवस आपण दूध तपासत नव्हतो," त्या म्हणाल्या, "आपलंच धुणं तपासत होतो."

मी हो म्हणाले. मॅडमच्या बोलण्याला तेवढंच उत्तर चालतं. पुढच्या महिन्यातल्या परिषदेसाठी आमचा निबंध स्वीकारला गेला होता आणि त्यात मावशीचं दूध 'स्थानिक नमुना क्रमांक एक' म्हणून होतं. मॅडम म्हणाल्या, "तेवढा भाग काढून टाका. बाकीचं चालेल."

"बाकीचंही त्याच पुडीवरचं आहे, मॅडम. मला निबंधच मागे घ्यायचाय. आणि ही चूक प्रबंधात सविस्तर लिहायची आहे."

"आपण प्रबंध लिहिताय की माफीनामा?"

"दोन्ही."

त्यांनी आलेख माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "मग दोन्ही नीट लिहा. तुमचं शुद्धलेखन भयंकर आहे." माझी शिष्यवृत्ती संपायला वर्षही उरलेलं नव्हतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी निबंध मागे घेण्याच्या पत्रावर सही केली.

दुसरी गोष्ट सोसायटी. ग्रुपवर मी लिहिलं की चूक माझी होती, दुधात काही नव्हतं, औषध माझ्या प्रयोगातून आलं होतं. पहिल्या निरोपाला हात जोडणाऱ्यांपैकी फक्त चौघांनी उत्तर दिलं. एकाने अंगठा दाखवला. एका बाईंनी लिहिलं, 'आधी तुमचं काय ते ठरवा.' तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी काहीच लिहिलं नाही. मग मी कागदावर पाण्याचा आणि दुधाचा आलेख शेजारी शेजारी छापून घेतला आणि बेचाळीस दारं वाजवली. शेजारच्या दोन सोसायट्यांमध्येही गेले. लोक दारातच ऐकून घेत, मान हलवत. एक आजोबा म्हणाले, "असेल हो. पण एकदा मनात आलं की दूध घशाखाली उतरत नाही." त्यांच्यावर चिडायला मला जागा नव्हती. त्यांच्या मनात ते मीच घातलं होतं, आणि ते धुऊन काढायला कुठलं मिश्रण चालत नव्हतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. मी गोठ्यावर गेले. मावशी शेणाची पाटी उचलत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. चुकले, माझीच चूक, तुमचं दूध स्वच्छ होतं, सगळ्यांना तसं सांगून आले आहे.

तिने पाटी रिकामी केली, परत आली. "बरं," ती म्हणाली.

"मी नवीन करतेय, मावशी. नीट. पुन्हा तपासते आणि सगळ्यांना दाखवते."

"नगं."

गोठ्यात आठ म्हशींच्या जागा होत्या आणि म्हशी पाच होत्या. मी मोजल्या हे तिने बघितलं. मी निघाले तेव्हा ती एका म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होती.

त्यानंतरचे दहा महिने मी गाढवासारखी राबले, आणि हे मी कौतुकाने सांगत नाही. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. शिष्यवृत्ती संपली तेव्हा संध्याकाळी बारावीच्या मुलांच्या शिकवण्या धरल्या. जुनी सगळी पूड टाकून दिली. नुसतं जास्त धुऊन भागणार नव्हतं, कारण खोल रुतलेलं शेवटचं औषध निघालं की नाही हे कधीच खात्रीने सांगता येत नाही. म्हणून ठसाच वेगळ्याचा घेतला. त्याच घराण्यातलं, दिसायला जवळजवळ तसंच, पण माणसांना देतात ते दुसरं औषध वापरून पूड घडवली. त्याच्या जागांमध्ये म्हशीचं औषधही बसतं. आणि ठशातलं स्वतःचं काही झिरपलंच, तर ते आलेखावर दुसऱ्या जागी उमटतं. माझं पाप माझ्या जागी आणि दुधातलं दुधाच्या जागी, असं मी मॅडमना सांगितलं, आणि त्या पहिल्यांदाच थोड्या हसल्या. ही युक्ती माझी नव्हती. या कामातले लोक ती करतात. मीच आधी केली नव्हती, कारण ते औषध मागवायला महिना लागायचा.

पहिल्या तीन खेपा फुकट गेल्या. एकदा पूड इतकी बारीक कुटली गेली की नळी तुंबली. एकदा ठसा मुळात धरलाच नाही. चौथी खेप बरी निघाली. रोज सकाळी पहिल्यांदा पाणी. घाई असो, मशीनवर पुढचा विद्यार्थी डोळे वटारून उभा असो, आधी पाणी. मला तेव्हा लॅबमध्ये 'पाणीवाल्या मॅडम' म्हणायला लागले होते, आणि मी ते म्हणू दिलं.

चौथ्या खेपेने महिनाभर नीट काम केल्यावर मी पुन्हा गोठ्यावर गेले. तोवर मधल्या काळात तीन-चारदा गेले होते. मावशी 'बरं'च्या पुढे जायची नाही. या वेळी मी म्हणाले, "मावशी, आता तयार आहे. तुमच्या दुधाची तपासणी नको असेल तर नको. पण माझं काम खरं आहे की खोटं, ते तुम्ही ठरवा."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग आत गेली आणि तीन बाटल्या घेऊन आली. औषधाच्याच रिकाम्या बाटल्या असतात तसल्या, गरम पाण्याने धुतलेल्या, बुचं घट्ट. एकीच्या गळ्याला एक गाठ मारलेला दोरा, दुसरीला दोन गाठी, तिसरीला तीन.

"तिन्हीत माझ्याच म्हशींचं दूध हाय," ती म्हणाली. "कशात काय हाय ते मी सांगनार न्हाय. तू सांग."

मॅडमनीसुद्धा माझी अशी परीक्षा कधी घेतली नव्हती. रात्रभर मला झोप लागली नाही, हे कबूल करते. त्या दोन दिवसांसाठी मशीनची पुढची पाळीही मी मागून घेतली होती. सकाळी लॅबमध्ये आधी पाणी सोडलं. म्हशीच्या औषधाच्या जागी आलेख सपाट. मग एका गाठीची बाटली. सपाट. पुन्हा पाणी, सपाट. दोन गाठींची बाटली सोडली आणि सुळका उभा राहिला. मी उठले नाही. मग पाणी, मग तीन गाठींची. सपाट. दुसऱ्या दिवशी तिन्ही उलट्या क्रमाने पुन्हा केल्या, तीन गाठींची सगळ्यात आधी. उत्तर तेच आलं.

संध्याकाळी गोठ्यावर गेले. मावशी धार काढत होती. मी ती संपेपर्यंत थांबले.

"दोन गाठींच्या बाटलीत औषध आहे," मी म्हणाले. "बाकी दोन्ही स्वच्छ."

तिने हात पुसले आणि कोपऱ्यातल्या म्हशीकडे बोट केलं. तिच्या मागच्या पायाला लाल चिंधी बांधलेली होती. "तिची ती. कास सुजली व्हती. इंजेक्शन दिलं की मी चिंधी बांधते. सून काढो, मी काढो, कुनाला बी इचारायला लागत न्हाय. चिंधीवालीचं दूध खड्ड्यात जातं. डाक्टर चिंधी सोडा म्हनला, की मगच कॅनात."

"म्हणजे माझं बरोबर आलं," मी म्हणाले. मला रडू येईल असं वाटत होतं, या वेळी आनंदाने. "मावशी, मी हे सगळ्यांना सांगते. पुन्हा दूध घालायला या. काही घरं तरी नक्की घेतील."

"न्हाय येत मी." ती रागावलेली नव्हती. "आता केंद्रावर घालते. तिथं धा जनांचं दूध एकाच टाकीत वततात. माझं म्हनून कोन वळखत न्हाय. बरं हाय."

मी पिशवीतले आलेख काढले, आत ठेवले, परत काढले. तिने एकही हातात घेतला नाही. कॅन धुवायला वाकली आणि माझ्याकडे न बघताच बोलली.

"अकरा येळा दूध तपासलंस. मला एकदा बी इचारलं न्हाईस."

मी आलेख पिशवीत टाकले. वही काढली आणि तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले.

"चिंधी किती दिवस ठेवता, मावशी?" मी विचारलं.

तिने कॅन उपडा घातला. "औषधावर हाय," ती म्हणाली. "लिही."